ॲप म्हणतं सहा, डोंगर म्हणतो पाच: आउटडोअर शूटची जागा बघताना उन्हाचा हिशोब कसा करायचा

डिसेंबरातली गोष्ट आहे. मुळशीकडे एका गावाबाहेर प्री-वेडिंग शूट होतं. ॲपमध्ये सूर्यास्त सहाच्या सुमारास दाखवत होता म्हणून मी जोडप्याला पाचला बोलावलं, म्हटलं तासभर मस्त सोनेरी ऊन मिळेल. पाचला गाडी थांबली, मुलगी भरजरी घागरा सावरत खाली उतरली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "दादा, ऊन कुठंय?"

ऊन नव्हतंच. समोर पश्चिमेला डोंगर आणि सूर्य त्याच्यामागे जाऊन पाच-दहा मिनिटं झालेली. गंमत म्हणजे मी ती जागा आधी बघून आलो होतो, पण सकाळी अकराला, आणि तेव्हा तो डोंगर मला नुसता "भारी बॅकग्राउंड" वाटला होता.

त्यानंतर मी जागा बघायची पद्धतच बदलली. जागा सुंदर आहे का हे कोणीही सांगतं, इन्स्टाग्रामवर दिसतंच, आपण जायचं ते तिथे ऊन किती वाजता, कुठून आणि किती वेळ येतं ते बघायला. तुम्ही या कामात नवीन असाल तर खालचं सगळं एकदा वाचून घ्या. आकडे मी पुण्याचे धरलेत. मुंबई-कोकणात दोन-चार मिनिटं इकडेतिकडे. नागपूरकडच्यांनी वेळा साधारण वीस मिनिटं अलीकडे धरा, कारण घड्याळ एकच असलं तरी सूर्य तुमच्याकडे आधी पोचतो.

१. सोबत काय न्यायचं

फार काही नाही. महागडा कॅमेरा तर या फेरीला न्यायचाच नाही, नाहीतर फोटो काढत बसाल आणि बघायचं राहून जाईल (स्वानुभव).

- मोबाईल, फुल चार्ज, आणि त्या भागाचा ऑफलाइन मॅप आधीच डाउनलोड केलेला. मावळात, मुळशीत, कोकणात रेंज कुठे जाईल सांगता येत नाही.
- सूर्याची दिशा दाखवणारं एक ॲप. फोटोपिल्स किंवा सन सर्व्हेयर चांगली आहेत. पैसे घालायचे नसतील तर सनकॅल्कची वेबसाइट फुकट आहे, सुरुवातीला तेवढं पुरतं.
- साधं सुईचं होकायंत्र. का ते पुढे सांगतो.
- वही आणि पेन. हो, वहीच, मोबाईलमधल्या नोट्स नंतर सापडत नाहीत.
- टॉर्च, पाणी, टोपी.
- एक माणूस. भाऊ, मित्र, असिस्टंट कोणीही चालेल, ज्याच्या तोंडावर उजेड कसा पडतो ते बघायचंय.

२. घरी बसून: तारीख आणि दिशा

निघायच्या आधी शूटची तारीख टाकून तीन गोष्टी वहीत लिहायच्या: सूर्योदयाची वेळ आणि दिशा, सूर्यास्ताची वेळ आणि दिशा, आणि दुपारी सूर्य किती अंश वर असेल. दिशा अंशांत लिहा, नुसतं "पश्चिम" लिहून उपयोग नाही.

शाळेत "सूर्य पूर्वेला उगवतो" एवढंच शिकवलं आणि आपण ते तसंच डोक्यात ठेवलं. बरोब्बर पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. पुण्यात जूनमध्ये सूर्यास्त पश्चिमेपासून साधारण २५ अंश उत्तरेकडे होतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेकडे. म्हणजे दोन टोकांत जवळजवळ ५० अंशांचा फरक. हात लांब करून पाच मुठी शेजारी शेजारी लावा, एवढं अंतर झालं ते. जूनमध्ये दोन टेकड्यांच्या खिंडीत मावळणारा सूर्य डिसेंबरात पार दुसऱ्याच डोंगरामागे जाणार.

आणि हा सरकण्याचा वेग सारखा नसतो. मार्चच्या मध्यावर आठवड्याभरात जवळपास ३ अंश सरकतो, डिसेंबरच्या शेवटी जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून २० डिसेंबरला बघितलेली जागा ३० डिसेंबरला तशीच मिळते, पण ५ मार्चला बघून २५ मार्चला गेलात तर मुकाट ॲप परत उघडा.

यातलीच एक सोयीची गोष्ट म्हणजे सूर्य त्याच वाटेवर वर्षातून दोनदा येतो. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव घ्या ना. देऊळ पश्चिमाभिमुख, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन मूर्तीपर्यंत पोचतात, आणि हे होतं ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. दोन्ही वेळी सूर्य जवळपास त्याच कोनात मावळतो. म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीचं शूट असेल आणि तुम्ही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जागा बघून आला असाल तर दिशेचा प्रश्न मिटला. झाडांची पानं, पिकं, धुरकट हवा हे मात्र बदललेलं असेल, आणि घड्याळही, कारण फेब्रुवारीत सूर्यास्त अर्धा तास उशिरा होतो.

३. "बारा वाजता सूर्य डोक्यावर" हे डोक्यातून काढा

आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे आपल्याकडे खरी मध्यान्ह बाराला होत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२:२० च्या आसपास आणि फेब्रुवारीच्या मध्यावर पार १२:५० च्या आसपास. मधले महिने १२:३५ धरून चला. याचा उपयोग काय, तर सकाळी दहाचं ऊन आणि दुपारी सव्वातीनच्या आधीमागे असलेलं ऊन एकाच उंचीचं असतं. नवीन लोक "दुपारी दोनपासून परत सुरू करू" म्हणतात, दोन म्हणजे खरं तर सकाळचे सव्वाअकरा झाले. तीननंतर बोला.

उंचीचा हिशोबही महिन्यानुसार पूर्ण वेगळा होतो. डिसेंबरात पुण्यात भर दुपारी सूर्य जेमतेम ४८ अंश वर येतो. मे महिन्यात सकाळी साडेनऊलाच तो तिथे असतो! म्हणून डिसेंबरात दुपारी एकलाही तोंडावर बऱ्यापैकी तिरका उजेड मिळतो, आणि मेमध्ये तोच वेळ म्हणजे डोळ्यांखाली खड्डे, नाकाची सावली सरळ ओठावर. १३ मेच्या आसपास तर पुण्यात शून्य सावली असते, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, आणि जुलैच्या शेवटी पुन्हा एकदा. त्या मधल्या काळात सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेकडून जातो.

या उत्तरेच्या भानगडीत मी एकदा फसलो. एका वाड्याची उत्तरेकडची पडवी मी जानेवारीत बघितली होती, दिवसभर छान थंड सावली, वहीत लिहून टाकलं "उत्तर बाजू, कधीही या". मे महिन्यात साखरपुड्याच्या फोटोंना घेऊन गेलो तर चार वाजता त्याच पडवीत तिरक्या उन्हाच्या पट्ट्या, अर्धा खांब पेटलेला आणि अर्धा काळा. उत्तरेची भिंत थंडीत सावलीत असते. उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी तिच्यावर ऊन येतंच.

४. गोल्डन अवर आपल्याकडे तासभर नसतो

गोल्डन अवर म्हणजे ढोबळमानाने सूर्य क्षितिजापासून शेवटच्या ६ अंशांत असतो तेव्हाचं सोनेरी ऊन. यूट्यूबवर युरोप-अमेरिकेतले लोक "गोल्डन अवर, गोल्डन अवर" करतात, त्यांचं खरं आहे, त्यांच्याकडे सूर्य तिरका तिरका घसरत जातो. लंडनमध्ये जूनमध्ये शेवटचे ६ अंश उतरायला सूर्याला पाऊण तासाहून जास्त लागतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली येतो, तेच ६ अंश २५ ते २८ मिनिटांत संपतात. त्यानंतर उजेड राहतो तो अजून २२-२४ मिनिटं, निळसर, मऊ, आणि मग अंधार.

म्हणजे तुमच्या हातात खरं सोनेरी ऊन अर्धा तास. त्यात कपडे बदलणं, केस नीट करणं, "एक मिनिट मेकअप टचअप" हे सगळं बसवायचं नाही, ते आधी उरकायचं. मी तर क्लायंटला सरळ सांगतो की दुसरा ड्रेस हवा असेल तर तो साडेचारच्या आत, शेवटच्या अर्ध्या तासात कोणी गाडीकडे जायचं नाही.

५. जागेवर गेल्यावर: मूठ लावा

हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, बाकी काही नाही वाचलंत तरी हे वाचा.

ॲप जी सूर्यास्ताची वेळ दाखवतं ती सपाट क्षितिजाची असते, म्हणजे समोर समुद्र असल्यासारखी. सह्याद्रीत सपाट क्षितिज शोधून दाखवा. तुमच्या जागेचा सूर्यास्त म्हणजे समोरच्या डोंगराच्या, झाडीच्या किंवा बिल्डिंगच्या माथ्यामागे सूर्य जाईल ती वेळ, आणि ती काढायला कुठलंही ॲप लागत नाही.

मुलगा-मुलगी जिथे उभे राहणार आहेत बरोब्बर तिथे उभे राहा. वहीतल्या सूर्यास्ताच्या दिशेकडे तोंड करा. हात पूर्ण ताठ पुढे करा, एक डोळा मिटा आणि डोळ्यांच्या पातळीवर मूठ धरा. ताठ हाताच्या मुठीची उंची-रुंदी साधारण १० अंश भरते, एक बोट साधारण २ अंश. आता डोळ्याच्या पातळीपासून डोंगराच्या माथ्यापर्यंत किती मुठी होतात ते मोजा. आपल्या अक्षांशावर एक मूठ म्हणजे ४० ते ४५ मिनिटं, एक बोट म्हणजे आठ-नऊ मिनिटं.

माझ्या त्या मुळशीच्या डोंगराला नंतर जाऊन मूठ लावली. दीड मूठ. म्हणजे सव्वा तासाच्या आतबाहेर. सहातून तेवढे वजा करा, ऊन पाचच्या आधीच गेलं पाहिजे, आणि तसंच गेलं होतं. दहा सेकंदांचं काम होतं हो.

परदेशी व्हिडिओत "चार बोटं म्हणजे एक तास" असं सांगतात, ते आपल्याकडे लावू नका. इथे चार बोटं अर्ध्या तासाच्या थोडी वर जातात, बाकीचा वेळ तुम्ही हवेत धरलेला असतो.

अजून एक बारीक गोष्ट. सूर्य अगदी सरळ खाली येत नाही, थोडा उजवीकडे कलत येतो. म्हणजे मुठीभर उंच डोंगरामागे तो लपेल ती जागा ॲपमधल्या सूर्यास्ताच्या रेषेच्या ३-४ अंश डावीकडे असेल, दोनेक बोटं. साध्या पोर्ट्रेटला याने काही बिघडत नाही, पण बुरुजाच्या किंवा दीपमाळेच्या बरोब्बर मागे सूर्य हवा असेल तर मात्र दोन बोटांनी फोटो जातो. सकाळीही तसंच, वर चढताना तो उजवीकडेच सरकतो. सकाळसाठी पूर्वेच्या डोंगराला मूठ लावून सूर्योदयात तेवढी मिनिटं मिळवायची, एवढाच फरक.

आता होकायंत्राचं. मोबाईलमधलं होकायंत्र गाडीत, गाडीच्या बॉनेटजवळ, लोखंडी कठड्याला टेकून किंवा चुंबकवाल्या कव्हरमध्ये सर्रास चुकतं, आणि चुकतंय हे सांगत नाही. गाडीपासून लांब जा, कव्हर काढा, मोबाईल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, मग बघा, आणि साध्या सुईशी एकदा ताडून घ्या. दोन्हीत फरक आला तर सुईवर विश्वास ठेवा.

आणि हो, ऊन डोंगराआड गेलं म्हणजे उजेड संपला असं नाही. वरचं आभाळ अजून लख्ख असतं आणि तुम्ही एका प्रचंड मोठ्या सॉफ्टबॉक्सखाली (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) उभे असता. एक्सपोजर दोन-तीन स्टॉप खाली येतं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), पण चेहऱ्यांना तो उजेड फार छान. मी आता डोंगराआडच्या जागा मुद्दाम ठेवतो, फक्त तिथे सोनेरी उन्हाचं आश्वासन कोणाला देत नाही.

६. अंगठा आणि गिरकी

सूर्य कुठे आहे हे कळलं, आता उजेड तोंडावर कसा येतो ते बघायचं. डाव्या हाताचा तळवा आपल्याकडे करा, अंगठा तळव्यासमोर आडवा आणा आणि जागेवरच हळूहळू गोल फिरा. अंगठ्याची सावली तळव्यावर कशी पडते ते बघत राहा. एका बाजूला ती चाकूने कापल्यासारखी कडक असते, थोडं फिरलात की मऊ होते, आणि कुठल्यातरी एका कोनात जवळजवळ नाहीशी होते. नाकाची सावली गालावर तशीच पडणार आहे. मग सोबतच्या माणसाला तिथे उभं करून त्याच्या डोळ्यांत बघा, आभाळाचा पांढरा ठिपका बुबुळाच्या वरच्या अर्ध्यात दिसला की जागा पक्की.

ऊन कशावर आपटून येतंय तेही बघा. आपल्याकडचा काळा कातळ उजेड खातो, कातळकड्याच्या बाजूचा गाल काळाच पडतो. कोकणातला जांभा आणि लाल माती उलट, खालून हनुवटीवर ऊबदार रंग फेकतात, फुकटचा रिफ्लेक्टर. चुन्याची पांढरी भिंत तर सोनंच. आणि हिरवळ? पावसाळ्यानंतरच्या हिरव्यागार गवतात दाट झाडाखाली माणूस उभा केला की चेहरा हिरवट येतो, एडिटिंगला बसल्यावर कळतं. झाडाच्या आत खोल न जाता सावलीच्या कडेला, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून उभं करा. पानांमधून पडणारे कवडसे बघायला रोमँटिक, चेहऱ्यावर पांढरे डाग.

७. समुद्रकिनारा असेल तर

आपला सगळा किनारा पश्चिमेकडे तोंड करून, त्यामुळे संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडतो आणि ॲपची वेळ इथे खरी ठरते. मूठ लावायची गरज नाही. लोक फसतात सकाळी. "बीचवर सनराइज शूट करू" म्हणून पहाटे पाचला मुंबईहून निघणारे मी पाहिलेत! सूर्य किनाऱ्याच्या मागून, माडांच्या आणि सुरूच्या बनातून, त्याच्याही मागे डोंगर असेल तर त्याच्यावरून येतो, आणि वाळूवर ऊन पोचेपर्यंत तास-दीड तास जातो. तो सावलीतला वेळ वाईट नाही, मऊ उजेड, गर्दी शून्य, पण समुद्रातून उगवणारा सूर्य हवा असेल तर ओडिशा-तमिळनाडू गाठा. मुंबईत मरीन ड्राइव्हला संध्याकाळ आणि गेट वेला सकाळ, कारण तिथे समोर पाणी असलं तरी ते पूर्वेकडचं बंदर आहे.

किनाऱ्यावर उन्हाइतकीच भरती-ओहोटी महत्त्वाची. पाणी लांब गेलं की मागे ओली वाळू आरशासारखी उरते आणि आभाळाचा रंग दुप्पट होतो, तो फोटो सगळ्यांना हवा असतो. त्यासाठी कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, बरोब्बर आपल्या वेळेला! त्यात उधाणाचे दिवस, त्यामुळे ओहोटीला पाणी जास्त लांब जातं आणि ओली वाळू जास्त मिळते. अष्टमीला उलट, संध्याकाळी सहाला भरती, पण भांगाची, पाणी फार चढत नाही. हिशोब ढोबळ आहे, तारीख ठरवायला वापरा, वेळ पक्की करायला भरतीचं कोष्टक बघा आणि गावातल्या होडीवाल्या मामांना विचारा. रोज साधारण ५० मिनिटांनी वेळ पुढे जाते हे लक्षात ठेवा, शूट एक दिवस पुढे ढकललं तरी फरक पडतो.

पौर्णिमेचा बोनस म्हणजे इकडे सूर्य बुडतो आणि तिकडे माडांमागून चंद्र वर येतो, मागे वळून बघायचं विसरू नका. आणि गाडी वाळूवर घालू नका, ओहोटीला घट्ट दिसणारी वाळू पाणी परतल्यावर गाडी सोडत नाही.

८. देवळं, लेणी, वाडे, घळी

इथे इमारतीचं तोंड कुठे ते आधी बघायचं. जुनी शिवालयं बरीचशी पूर्वाभिमुख, सिन्नरचं गोंदेश्वर त्यातलंच, दर्शनी कोरीवकामावर ऊन सकाळी. तिरकं ऊन असलं तरच कोरीवकाम उठून दिसतं, समोरून सपाट ऊन आलं की सगळं चपटं. वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिम अंगाला, त्यामुळे सकाळी पोचलात तर दर्शनी भाग सावलीत, दुपारनंतर ऊन. त्यातही कैलास लेणं वरून खाली खोदलेलं, चारही बाजूंना कातळाच्या भिंती, तिथे मूठ लावायचीच. सांदण घळीसारख्या अरुंद जागेत तर दुपारी थोडा वेळच तळाला ऊन पोचतं, तिथे "दुपारी शूट करू नये" हा नियम उलटा करायचा.

वाड्यात चौकाच्या कडेचा ओटा, दरवाज्याची कमान, जिन्याखालचा कोपरा. एक पाऊल आत, तोंड उजेडाकडे. भर दुपारी एवढं पुरतं.

९. ऋतूचा हिशोब

ऊन सगळ्यात स्वच्छ मिळतं ते पाऊस संपल्यावर, सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. हवा धुतलेली, लांबचे डोंगर कडक दिसतात. कासला फुलं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पण तिथे ढग आणि धुकं क्षणात येतं-जातं, उन्हाचं काही धरून चालू नका, आणि प्रवेशाचं बुकिंग आधी करावं लागतं.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी दऱ्यांत आणि पाण्यावर धुकं, सूर्य त्याच्यावर आला की फोटोत किरणं दिसतात. मात्र सूर्योदयही उशिरा, जानेवारीत सात-सव्वासात. मार्च ते मे सगळ्यात फसवे. आभाळ निरभ्र दिसतं, ढग नाही, आणि संध्याकाळी सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच धुरकटात विरघळून जातो, लालसर गोळा होतो पण तोंडावर ऊन उरत नाही. या दिवसांत मी मुठीचा हिशोब करून वर एक-दीड बोट जास्तीचं वजा करतो. उसाच्या पट्ट्यात पाचट पेटवलेलं असेल तर अजून.

पावसाळ्यात हिशोब करायचा नाही, दोन तास मोकळे ठेवून जायचं आणि श्रावणातली ऊन-पावसाची लपाछपी झेलायची. पाच मिनिटं ऊन येतं, पण कसलं येतं!

१०. परवानगी आणि कागद

याला मी थोडक्यात घेतो कारण ठिकाणागणिक नियम वेगळे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, गेटवर हुज्जत घालून मिळत नाही. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद. स्मारकाच्या उघडण्या-बंद होण्याच्या वेळा तुमच्या सोनेरी अर्ध्या तासाशी जुळतात का ते बघा, बऱ्याच ठिकाणी रखवालदार शिट्टी मारतो तेव्हाच ऊन सुंदर झालेलं असतं. वनखात्याची हद्द, धरणाची भिंत, महापालिकेची बाग, सगळीकडे आधी विचारा. ड्रोन असेल तर डिजिटल स्कायचा नकाशा (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारी सरकारी वेबसाइट) बघितल्याशिवाय बॅगेतून काढू नका.

सोबत ठेवा:

- सगळ्यांची ओळखपत्रं
- परवानगीच्या ईमेलची छापील प्रत, रेंज नसते
- पैसे भरल्याची पावती
- सामानाची यादी, सिरियल नंबरसकट
- शेत किंवा घर खाजगी असेल तर मालकाचा नंबर आणि शक्यतो लेखी होकार

११. वेळापत्रक शेवटाकडून मांडा

सूर्य डोंगराआड जाणार ती वेळ पहिली लिहा आणि तिथून मागे या. त्याआधी अर्धा तास मुख्य फोटो, त्याआधी वीस मिनिटं टचअप आणि पाणी, त्याआधी सावलीतले फोटो, त्याआधी कपडे, त्याआधी गाडीपासून जागेपर्यंतचं चालणं. चालणं स्वतःच्या वेगाने मोजू नका, घागरा आणि हाय हील्सच्या वेगाने मोजा, दुप्पट. मग क्लायंटला त्याच्याही अर्धा तास आधीची वेळ द्या, कारण चांदणी चौकातलं ट्रॅफिक आहेच.

शक्य असेल तर शूटच्या आठवडाभर आधी त्याच वेळेला एकदा तिथे जाऊन नुसते बसा. माझ्या वहीतली एक नोंद देतो, पवना धरणाच्या काठचं एक शेत, म्हणजे अंदाज येईल काय लिहायचं:

"१४ नोव्हेंबर. ॲप: सूर्यास्त ६:००, दिशा २५१. त्या दिशेला डोंगर एक मूठ. ऊन ५:१५ ला गेलं, हिशोब बरोबर. पूर्वेकडच्या डोंगरावर मात्र पावणेसहापर्यंत ऊन, त्याचं प्रतिबिंब पाण्यात, बॅकग्राउंड तेच घेणे. बांधावरची बाभूळ ४:४० ला तोंडावर सावली टाकते, दहा पावलं उत्तरेला उभं करणे. वारा साडेचारनंतर पडतो. गाडी देवळाजवळ, तिथून चालत १२ मिनिटं, घागऱ्यात २५. शेतमालक चहा देतात, नको म्हणायचं नाही. म्हैस साडेपाचला पाण्यावर येते, फ्रेममध्ये हवी की नको ते जोडप्याला आधीच विचारून ठेवणे."